वॉल्टर टल : दहा सामन्यांचा फॉरवर्ड

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी एक लेख शिवाजी महाराजांवर असतो, एक आईवर आणि एक पावसावर. गेल्या वर्षी पावसावरचा मीच लिहिला होता. या वर्षी सरांनी एखाद्या गाजलेल्या व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले, तेव्हा मी वॉल्टर टलचे नाव दिले. सरांना हे नाव नवे होते. तो इंग्लंडमधला व्यावसायिक फुटबॉलपटू होता आणि पहिल्या महायुद्धात अधिकारी म्हणून लढताना मारला गेला, असे मी सांगितले. खेळाडूही आणि सैनिकही म्हटल्यावर सरांनी लगेच परवानगी दिली. पण मला त्याच्याबद्दल लिहावेसे वाटले त्याचे खरे कारण त्याच्या कारकिर्दीच्या पहिल्या दोन महिन्यांत आहे आणि थोडेसे आपल्या शाळेच्या मैदानावर आहे. ते पुढे येईलच.

वॉल्टर डॅनियल जॉन टल याचा जन्म 28 एप्रिल 1888 रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टन या गावी झाला. त्याचे वडील डॅनियल हे बार्बाडोस बेटावरून आलेले सुतार होते. वॉल्टरचे आजोबा त्या बेटावर गुलाम होते. म्हणजे गुलामगिरी आणि वॉल्टर यांच्यामध्ये फक्त एक पिढी होती. आई अ‍ॅलिस ही केंट परगण्यातली गोरी इंग्रज बाई. घरात मुले बरीच, आणि वडिलांच्या करवत-रंध्यावर सगळ्यांचे पोट.

1895 मध्ये आई कर्करोगाने गेली. तेव्हा वॉल्टर सात वर्षांचाही पुरता झाला नव्हता. मुलांना बघायला कोणी हवे म्हणून वडिलांनी आईच्याच नात्यातल्या क्लारा हिच्याशी लग्न केले. पण 1897 च्या अखेरीस वडीलही हृदयविकाराने वारले. क्लाराच्या पदरात स्वतःचे तान्हे मूल आणि त्यात ही सगळी मुले. एकटीला ते झेपणे शक्य नव्हते. शेवटी वॉल्टर आणि त्याचा मोठा भाऊ एडवर्ड या दोघांना लंडनच्या पूर्व भागात बेथनल ग्रीन इथल्या मेथडिस्ट पंथाच्या अनाथाश्रमात पाठवायचे ठरले. साल 1898, वॉल्टरचे वय नऊ.

मी इथे सहावीत आलो तेव्हा अकरा वर्षांचा होतो. बाबा फौजेत हवालदार, त्यामुळे या शाळेत निवड झाल्यावर गावात पेढे वाटले होते. तरीही पहिल्या रात्री डॉर्ममध्ये दिवे मालवल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडलो होतो, आणि शेजारच्या पलंगावरचाही रडत होता हे मला ऐकू येत होते. पण आम्हाला दिवाळीची सुट्टी होती, रविवारचा फोन होता, आणि सुट्टीत परत जायला घर होते. वॉल्टरला यातले काहीच नव्हते. तो शिकायला आश्रमात गेला नव्हता. त्याला दुसरीकडे जागाच नव्हती.

एक आधार होता तो म्हणजे भाऊ. एडवर्डचा आवाज चांगला होता. तो आश्रमाच्या गायक मुलांबरोबर गावोगाव कार्यक्रमांना जाई. असाच एकदा तो स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरी गेला असताना तिथल्या वॉर्नॉक नावाच्या कुटुंबाला आवडला आणि 1900 साली त्यांनी त्याला दत्तक घेतले. घरातले वडील दंतवैद्य होते. पुढे एडवर्डही दंतवैद्य झाला. वॉल्टर मात्र मागे राहिला. त्या वेळी तो बारा वर्षांचा होता. दोघा भावांचे संबंध शेवटपर्यंत टिकले, पण आश्रमात त्यानंतर वॉल्टर एकटाच होता.

आश्रमात प्रत्येक मुलाला एखादा धंदा शिकवत. वॉल्टर छपाई शिकला. खिळे जुळवायचे, शाई लावायची, कागद ओढायचा. मोठेपणी छापखान्यात नोकरी करून पोट भरायचे, असा तो सरळ रस्ता होता. संध्याकाळी आश्रमाचा फुटबॉल संघ खेळे आणि त्यात वॉल्टर बचाव फळीत असे. या संघाचे सामने बघायला कोणी तिकीट काढून येत नव्हते.

1908 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पूर्व लंडनच्या क्लॅप्टन या क्लबने त्याला चाचणीला घेतले. क्लॅप्टन हा हौशी खेळाडूंचा क्लब, म्हणजे खेळण्याचे पैसे नाहीत. पण त्या काळी हौशी संघांत तो फार नावाजलेला होता. वॉल्टर आधी राखीव संघात खेळला आणि काही महिन्यांतच पहिल्या संघात आला. इथे तो बचावातून पुढे सरकला आणि फॉरवर्ड झाला. 1908-09 च्या त्या एकाच मोसमात क्लॅप्टनने एफ.ए. अमॅच्युअर कप, लंडन सीनियर कप आणि लंडन काउंटी अमॅच्युअर कप असे तीन करंडक जिंकले. फुटबॉलवर लिहिणाऱ्या एका वृत्तपत्राने त्या मोसमात सापडलेला सर्वांत चांगला खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले.

त्याचा खेळ कसा होता हे समजण्यासाठी तेव्हाचा फुटबॉल थोडा समजून घ्यावा लागतो. आपण आज चार-चार-दोन किंवा चार-तीन-तीन असे उभे राहतो. त्या वेळी दोन बॅक, तीन हाफबॅक आणि चक्क पाच फॉरवर्ड असत. दोन टोकांना दोन विंगर, मधे सेंटर फॉरवर्ड, आणि त्यांच्या मधल्या दोन फटींमध्ये दोन इनसाइड फॉरवर्ड. वॉल्टर होता इनसाइड फॉरवर्ड. गोल मारून टाळ्या घेण्यापेक्षा मागून आलेला चेंडू थोपवायचा, डोके वर करून बघायचे आणि योग्य माणसाच्या पायात द्यायचा, हे या जागेचे मुख्य काम. ऑफसाइडचा नियमही कडक होता. चेंडू मारला जाताना पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मधे प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. आज दोन पुरतात. त्यामुळे पास कधी द्यायचा याला फार महत्त्व होते. वॉल्टर फार वेगवान नव्हता, पण त्याचा पास अचूक असे आणि तो घाई करत नसे. कोणी धक्का मारला तरी तो चिडत नसे, असे त्याच्याबद्दल पहिल्यापासून लिहिले गेले आहे.

त्याच वेळी उत्तर लंडनचा टॉटनहॅम हॉटस्पर हा क्लब वर चढत होता. 1908 मध्ये तो फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात दाखल झाला आणि पहिल्याच वर्षी बढती मिळवून पहिल्या विभागात पोचला. मोठ्या लीगसाठी त्यांना नवे खेळाडू हवे होते. 1909 च्या उन्हाळ्यात त्यांचा संघ बोटीने दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा त्यांनी वॉल्टरलाही बरोबर नेले. ज्या मुलाचे बालपण अनाथाश्रमाच्या भिंतींच्या आत गेले, तो एकवीस वर्षांचा होता होता अटलांटिक महासागर ओलांडून ब्युनोस आयर्समध्ये फुटबॉल खेळत होता.

दौऱ्यावरून परतल्यावर तो व्यावसायिक झाला. करार करताना त्याला दहा पौंड मिळाले आणि आठवड्याला चार पौंड पगार ठरला. हे आकडे आज हास्यास्पद वाटतील, पण नियमाने खेळाडूला त्याहून जास्त देताच येत नसे. म्हणजे नव्या पोराला क्लबने सर्वांत वरचा दर दिला होता. इंग्लंडच्या पहिल्या विभागात खेळलेल्या अगदी पहिल्या काही कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी तो एक ठरला. त्याच्या आधी आर्थर व्हार्टन हा आफ्रिकेत जन्मलेला खेळाडू येऊन गेला होता, पण तो गोलरक्षक होता. फॉरवर्डच्या रांगेत, सगळ्यांच्या नजरेसमोर, वॉल्टरसारखा खेळाडू लोकांनी जवळजवळ पाहिलाच नव्हता.

1 सप्टेंबर 1909 रोजी टॉटनहॅमचा पहिल्या विभागातला पहिलाच सामना झाला, तो सुंदरलंडच्या मैदानावर. वॉल्टरचाही तो पहिला सामना. टॉटनहॅम हरले. दहा दिवसांनी घरच्या मैदानावर, व्हाइट हार्ट लेनवर, मँचेस्टर युनायटेड आले. हजारो लोक जमले होते. चेंडू घेऊन आत घुसणाऱ्या वॉल्टरला प्रतिपक्षाने पाडले आणि टॉटनहॅमला पेनल्टी मिळाली. सामना 2-2 असा बरोबरीत सुटला. पुढे ब्रॅडफर्ड सिटीविरुद्ध त्याने आपला पहिला गोल केला. चांगली सुरुवात म्हणतात ती हीच. वर्तमानपत्रे त्याच्या शांत खेळाचे कौतुक करत होती.

मग 9 ऑक्टोबर 1909 उजाडला. सामना होता ब्रिस्टल सिटीशी, त्यांच्या मैदानावर. तिथल्या प्रेक्षकांतल्या एका गटाने वॉल्टरच्या रंगावरून ओरडायला सुरुवात केली. एकदा-दोनदा नाही, सामनाभर. चेंडू त्याच्याकडे आला की आरडाओरडा वाढे. तिथे हजर असलेल्या एका वार्ताहराने दुसऱ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा याचीच नोंद ठळकपणे केली. त्या लोकांची भाषा मासळीबाजारालाही लाज वाटेल अशी होती, या अर्थाचे त्याने लिहिले. आणि हेही लिहिले की त्या दिवशी मैदानावरचा सर्वांत चांगला फॉरवर्ड वॉल्टर टलच होता. शिव्या ऐकूनही तो चिडला नाही, त्याने कोणाला धक्का मारला नाही, तो आपला खेळत राहिला.

यानंतर लवकरच क्लबने त्याला पहिल्या संघातून काढून राखीव संघात टाकले.

मी हा भाग लायब्ररीत बसून वाचला. प्रेप संपायला दहा मिनिटे होती. मला पुढे वाचवेना, कारण मला एकदम गेल्या वर्षीची इंटर-हाऊस सेमीफायनल आठवली.

त्या सामन्यात समोरच्या हाऊसचा लेफ्ट विंगर आमच्यापेक्षा एक वर्ष लहान होता. तो ईशान्येकडच्या एका राज्यातून आलेला आहे. पहिल्या दहा मिनिटांत त्याने आमच्या बॅकला तीनदा चकवले. मी संघात नव्हतो, टचलाइनवर आमच्या हाऊसच्या मुलांत उभा होतो. कोणीतरी त्याच्या डोळ्यांवरून एक शब्द ओरडले. सगळे हसले. पुढच्या वेळी त्याच्याकडे चेंडू गेला तेव्हा आम्ही सगळे मिळून तोच शब्द ओरडलो. मीही ओरडलो. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. चेंडू त्याच्याकडे गेला की आम्ही ओरडायचो, आणि हळूहळू त्याने चेंडू मागायचे बंद केले. दुसऱ्या हाफमध्ये तो बाहेर गेला, त्याच्या जागी दुसरा आला. आम्ही 2-1 जिंकलो. रात्री मेसमध्ये आम्ही याबद्दल हसलोसुद्धा. खेळात एवढे चालते असे मला खरेच वाटत होते.

मला ते कळायला हवे होते. सहावीत माझे हिंदी ऐकून मुले हसायची. मी बोलायला लागलो की कोणीतरी माझी नक्कल करायचा. वर्गात हात वर करायचे मी दोन-तीन महिने सोडून दिले होते. तरीही त्या दिवशी टचलाइनवर मला त्यातले काही आठवले नाही. गर्दीत उभे राहिले की स्वतःचे जुने दुखणे आठवत नाही, एवढे मला आता समजले आहे.

आता परत वॉल्टरकडे येतो.

त्या काळी सामन्यात बदली खेळाडू नसत. अकरा जण उतरले की तेच शेवटपर्यंत. त्यामुळे बेंचवर बसून संधीची वाट बघणे असा प्रकारच नव्हता. एक तर तुम्ही पहिल्या संघात, नाही तर राखीव संघात, दुसऱ्या लीगमध्ये, थोड्याशा प्रेक्षकांसमोर. ब्रिस्टलपर्यंत सगळे सामने पहिल्या संघाकडून खेळलेला हा फॉरवर्ड त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे राखीव संघात राहिला. मधे पहिल्या संघाकडून त्याला फक्त तीन सामने मिळाले. टॉटनहॅमसाठी लीगमधली त्याची एकूण बेरीज दहा सामने आणि दोन गोल एवढीच आहे. नुसता हा आकडा पाहिला तर कोणीही म्हणेल, खेळाडू कमी पडला असेल. पण आकड्यात ब्रिस्टलचा आवाज ऐकू येत नाही. ज्या सामन्यात तो सर्वांत चांगला खेळला, त्यानंतरच त्याचे नाव यादीतून गेले. मला वाटते क्लबला त्याच्या खेळाची काळजी नव्हती, गर्दीची होती. गर्दीला गप्प करणे अवघड असते, एका खेळाडूला बाजूला करणे सोपे असते.

या दोन वर्षांत त्याने काय केले? तो राखीव संघात खेळत राहिला. नियमित खेळला, गोल केले, सरावाला गेला. यात सांगण्यासारखे काही घडले नाही आणि माझ्या मते तेच सर्वांत अवघड असते. आपल्याकडे क्रॉस कंट्रीत शेवटच्या चढाला सगळे टाळ्या वाजवतात, पण मधल्या दोन किलोमीटरना कोणी नसते. वॉल्टरचे मधले अंतर दोन वर्षांचे होते.

ऑक्टोबर 1911 मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउन या क्लबने त्याला विकत घेतले. नॉर्थॅम्प्टन हे बूट बनवणाऱ्या कारागिरांचे गाव, म्हणून तिथल्या संघाला लोक आजही चांभारांचा संघ म्हणूनच हाक मारतात. हा क्लब साउदर्न लीगमध्ये खेळे, म्हणजे पहिल्या विभागाच्या खाली. कागदावर ही उतरणच होती. पण तिथला मॅनेजर होता हर्बर्ट चॅपमन. हाच चॅपमन पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल या संघांना लीगचे विजेतेपद मिळवून देणारा, इंग्लंडमधला फार मोठा मॅनेजर ठरला. तो स्वतः टॉटनहॅमकडून खेळलेला होता. टॉटनहॅमने बाजूला ठेवलेला हा खेळाडू त्याला हवा होता आणि त्यासाठी त्याने पैसे मोजले, शिवाय आपला एक खेळाडूही टॉटनहॅमला दिला.

नॉर्थॅम्प्टनला वॉल्टर पुन्हा पहिल्या संघात आला. सुरुवातीला फॉरवर्ड म्हणूनच. 1912 मध्ये एका सामन्यात त्याने एकट्याने चार गोल मारले. तो सामना होता ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध. क्लब दुसरा, पण शहर तेच. हे वाचून मला लायब्ररीत हसू आले. वॉल्टरला त्या दिवशी काय वाटले असेल ते त्यालाच ठाऊक.

पुढे त्याला हाफबॅकच्या जागी खेळवू लागले. त्याचे डोके शांत, पास अचूक, समोरच्याचा डाव ओळखण्याची नजर पक्की. संघाचा कणा म्हणावा अशी ही जागा त्याला बरोबर बसली. चॅपमन 1912 मध्येच दुसऱ्या क्लबकडे गेला, पण वॉल्टर टिकला. नॉर्थॅम्प्टनसाठी त्याने शंभराहून अधिक सामने खेळले. त्यातले गोल फक्त नऊ, आणि त्यातले चार त्या एकाच दिवशीचे. टॉटनहॅमला दहा सामन्यांत संपला असे वाटलेला खेळाडू इथे आठवड्यामागून आठवडा मैदानात उतरत होता. खेळाडू तोच होता. फरक एवढाच की इथे दर शनिवारी त्याचे नाव यादीत लिहिणारा कोणीतरी होता.

1914 च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. डिसेंबरमध्ये लंडनमध्ये फुटबॉलपटूंची एक वेगळी पलटण उभी राहिली, मिडलसेक्स रेजिमेंटची 17 वी बटालियन. नॉर्थॅम्प्टनच्या खेळाडूंपैकी तिच्यात सर्वांत आधी नाव घातले ते वॉल्टरने, 21 डिसेंबर 1914 रोजी. नोव्हेंबर 1915 मध्ये पलटण फ्रान्सला गेली तोपर्यंत तो लान्स सार्जंट झाला होता. खंदकांतल्या तोफमाऱ्याने 1916 मध्ये त्याच्या मनावर परिणाम झाला आणि त्याला उपचारासाठी मायदेशी पाठवावे लागले. शूरवीरांच्या गोष्टींत हा भाग बहुतेक गाळतात. मला तो गाळावासा वाटला नाही, कारण बरा झाल्यावर त्याच वर्षी तो पुन्हा आघाडीवर गेला आणि सोमच्या लढाईत लढला.

यानंतर त्याची अधिकारी प्रशिक्षणासाठी निवड झाली. स्कॉटलंडमध्ये कॅडेट म्हणून शिकून 30 मे 1917 रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला. त्या वेळच्या ब्रिटिश नियमांनुसार अधिकारी युरोपीय वंशाचाच असावा लागे. कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या सैनिकांना हुकूम देणे त्यांना मान्य नव्हते. आपल्या भारतीय सैनिकांचीही तीच गत होती. कितीही शौर्य गाजवले तरी जमादार, सुभेदार, फार तर सुभेदार मेजर. वरचा हुकूम गोऱ्या साहेबाचाच. लढाऊ फौजेत राजाचे कमिशन मोजक्या भारतीयांना पहिल्यांदा मिळाले तेही 1917 सालीच. आज आपण एन.डी.ए.ची तयारी करतो तेव्हा हे दार एके काळी बंद होते हे आपल्या डोक्यातही येत नाही. वॉल्टरच्या वरिष्ठांनी मात्र नियम बाजूला ठेवून त्याची शिफारस केली. मैदानावर जसा चॅपमन भेटला, तसे इथेही कोणीतरी भेटले.

तो 23 व्या मिडलसेक्सबरोबर इटलीला गेला. जानेवारी 1918 मध्ये पियावे नदीच्या काठी, कडाक्याच्या थंडीत, त्याने 26 जणांची तुकडी रात्री नदीपलीकडे शत्रूच्या हद्दीत नेली आणि एकही माणूस न गमावता परत आणली. डिव्हिजनचे जनरल लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची लेखी नोंद केली. शांत डोके हा गुण वार्ताहरांनी क्लॅप्टन आणि टॉटनहॅममध्येच पाहिला होता.

25 मार्च 1918 रोजी फ्रान्समध्ये फाव्रय गावाजवळ जर्मन फौजेच्या मोठ्या हल्ल्यात त्याला गोळी लागली. त्याचे सैनिक त्याला मागे ओढून आणण्याचा प्रयत्न करत होते. त्यांत लेस्टर फॉस या क्लबचा एक माजी गोलरक्षकही होता. पण गोळीबारात ते जमले नाही. त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. तिसावा वाढदिवस महिनाभरावर आला होता. आरास इथल्या स्मारकावर, ज्यांची थडगी नाहीत अशा हजारो नावांत, त्याचे नाव कोरलेले आहे.

पुढे कित्येक वर्षे त्याला जवळजवळ कोणी आठवत नव्हते. 1999 मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मैदानाबाहेर त्याचे स्मारक उभारले गेले. 2021 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव घेतले गेले. एकशे बारा वर्षांपूर्वी ज्याचे नाव यादीतून काढले होते, त्याचे नाव शेवटी या यादीत लागले.

अशा लेखाच्या शेवटी आपण या थोर माणसाकडून काय शिकलो ते लिहायचे असते. धीर धरावा, अपमान गिळावा, काम करत राहावे, असे मी लिहू शकलो असतो. पण ते मला खोटे वाटले. गोष्ट वाचताना मी स्वतःला वॉल्टरच्या जागी पाहिले नाही. मी ब्रिस्टलच्या गर्दीत होतो. तिथे ओरडणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाव कोणत्या पुस्तकात नाही. ते सामना बघून घरी गेले असतील, जेवले असतील आणि विसरले असतील. मीही विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी गेम्सनंतर मी त्या मुलाच्या डॉर्ममध्ये गेलो आणि माफी मागितली. तो बुटांना पॉलिश करत होता. त्याला सगळे आठवत होते. कोण कुठे उभे होते हेसुद्धा. आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. त्याला त्या दिवशी कोणी बाहेर काढले नव्हते. त्यानेच हाफ टाइमला कॅप्टनला पाय दुखतो असे सांगितले होते. पाय दुखत नव्हता. हे सांगताना तो रागावलेला नव्हता, नुसते सांगत होता. मला त्याने रागवायला हवे होते.

आता तो बास्केटबॉल खेळतो आणि चांगला खेळतो. फुटबॉलला तो परत आलेला नाही. मी विचारले तेव्हा बघू म्हणाला. आमच्या हाऊसमध्ये आता तो शब्द कोणी ओरडला तर आम्ही दोघे-तिघे त्याला गप्प करतो. पहिल्यांदा गप्प करायला गेलो तेव्हा माझ्यावरच सगळे हसले. पण ते परवडले.

हा लेख लिहिण्याआधी मी त्याची परवानगी घेतली. त्याला मराठी येत नाही, म्हणून लेखात काय आहे ते मी त्याला माझ्या हिंदीत सांगितले. वॉल्टरबद्दल ऐकून झाल्यावर त्याने एकच गोष्ट विचारली, ब्रिस्टलच्या त्या सामन्यात तो शेवटपर्यंत मैदानात होता का. मी हो म्हणालो. मग थोड्या वेळाने मी त्याला हेही सांगितले की त्या काळी बदली खेळाडू नव्हते. वॉल्टरला बाहेर जायचे असते तरी त्याच्या जागी कोणी येणार नव्हते.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी